राहिलेली खूण

घशाच्या ऑपरेशनमध्ये आवाज जाणार हे कळल्यावर बाबांनी चाळीस गोष्टी मुलाच्या कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करून ठेवल्या होत्या. आज डिस्क पुसण्याआधी त्याने त्या माळ्यावरच्या सर्व्हरवर हलवल्या, निदान तसं त्याला वाटलं. पुसून झाल्यावर बायकोच्या लॅपटॉपवरून सर्व्हर उघडला, तर तिथे शुकशुकाट. काल मोठ्या ऐटीत त्याने स्वतः कॉम्प्युटरच्या सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, हवे ते पर्याय निवडून बांधला होता. शेकडो पर्यायांत दूरचा सर्व्हर जोडून देणाऱ्या ‘एनएफएस’समोर खूण करायची तेवढी राहिली, म्हणून नेटवर्कवरचा सर्व्हर जोडलाच गेला नव्हता. सर्व्हर जिथे जोडला जायचा तो त्याच्या नावाचा रिकामा फोल्डर मात्र कॉम्प्युटरच्या याच डिस्कवर होता. गोष्टी मुकाट्याने त्यात जाऊन बसल्या आणि डिस्कबरोबरच पुसल्या गेल्या. “अरे, दुसरी कॉपी असेलच ना?” बायको कुजबुजली. त्याने मानेनेच नाही म्हटलं. तेवढ्यात बाबा आत आले. हातातल्या पाटीवर लिहिलं होतं, “एखादी गोष्ट लाव. माझा आवाज विसरत चाललोय.”