मानेभोवतीचा पट्टा

बाबांनी शोधलेल्या मुंगसाच्या उपप्रजातीचा संग्रहालयात एकच नमुना होता. तिची खूण म्हणजे मानेभोवतीचा फिकट पट्टा. वर्गीकरण नव्यानं तपासताना तिथंच संशोधक असलेल्या त्यांच्या लेकीनं त्याच भागातल्या मुंगसांची चाळीस कातडी पाहिली. तसा पट्टा दुसऱ्या एकाही मुंगसाला नव्हता.

फोनवर बाबा हसले. "काय गं, माझी उपप्रजाती ठेवतेस, की बापाच्याच नावावर फुली मारतेस?"

"बाबा, मी पाळलेलं मुंगूस रानात पळून गेलं, असं तुम्हीच म्हणाला होतात ना?"



तिनं भिंगातून पुन्हा पाहिलं. पट्ट्यावरचे केस घासून झिजले होते. लहानपणी शाळेत जाताना, ते पाळलेलं मुंगूस पळून जाऊ नये म्हणून, त्याच्या गळ्यात रोज दोरी तीच बांधायची.