फोटो कोण काढणार?

"वाळवंटात एक छोटी, अरुंद घळ आहे. नवशिकेसुद्धा दोराने उतरतात. येतोस का?" अमेरिकेतल्या माझ्या जुन्या मित्राने, शशीने, पत्रातून विचारलं होतं. त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही, गिर्यारोहणाची पुस्तकं तेवढी वाचत बसलो.

शेवटी इथे वेल्समध्येच, घराजवळ, कार्डिफजवळच्या एका घळीवर सरावाला गेलो. सोबत मुलगा अंबरीश.

"बाबा, ॲट युअर एज? मी उतरतो, तुम्ही वरून फोटो काढा."

मी हार्नेस चढवला, दोर तपासला आणि दरीकडे पाठ केली.

"बाबा, पाय थरथरतायत तुमचे!"

"थरथरू देत," म्हणत मी मागे पाऊल टाकलं आणि थेट तळाशी जाऊनच थांबलो.

सोमवारी पत्र पेटीत टाकलं: "प्रिय शशी, भीती वाटते, पण येतो. फोटो काढायला अंबरीशला आणतोय."