झेंडाचोर

नवव्या रस्त्यावरचे झेंडे पुन्हा गायब झाले होते.

रस्ता रुंद, सिग्नल नाही आणि गाड्या सुसाट. म्हणून ओलांडायच्या पट्ट्यांपाशी दोन्ही कडेच्या खांबांना बादल्या बांधलेल्या. बादलीतला छोटा झेंडा उचलायचा, गाडीवाल्यांना दिसेल असा धरून पलीकडे जायचं आणि तिथल्या बादलीत ठेवून द्यायचा. इतकी वर्षं झेंडे नारिंगी होते. जून लागला तसे नगरसेविका व्हिका टुपोऊने समलिंगींच्या प्राईडच्या महिन्यापुरते ते इंद्रधनुषी केले आणि तेव्हापासून भरलेली बादली दुसऱ्या दिवशी रिकामी. रस्त्याच्या सुरक्षेत हे रंग कशाला, असं वॉर्डाच्या सभेत विचारणाऱ्यांना आयतंच फावलं.

आज शनिवार, वॉर्डात साफसफाईचा दिवस. व्हिकाला लोकांसाठी नेहमीचा व्हिडिओ करायचा होता: साफसफाई, रस्ता आणि दुपारची प्राईडची मिरवणूक. रस्त्याबद्दल काय बोलावं ते तिला सुचेना. राग येत होताच, पण त्याहून जास्त कुतूहल होतं. इतके झेंडे नेऊन माणूस करतो तरी काय? जाळले असते तर कुणाला तरी धूर दिसला असता. स्वयंसेवकांना कचऱ्याच्या पिशव्या देऊन तिने पुढे धाडलं, बादली भरली आणि बसथांब्याच्या आडोशाला जाऊन बसली. हे आपल्याला शोभत नाही हे तिला कळत होतं, पण मजाही येत होती.

थोड्या वेळाने लारू बिंगहॅम आली. चर्चमधल्या बायकांत सगळ्यात वडील. त्या सभेत पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसलेली. तिने इकडेतिकडे पाहिलं, बादलीतले सगळे झेंडे उचलले, एक उंच धरला आणि उरलेले स्वेटरखाली दडपले. गाड्या मुकाट थांबल्या.

व्हिका तिच्या मागोमाग निघाली. लारूचं घर रस्त्याला लागूनच होतं. म्हातारी आत गेली आणि कपड्यांची टोपली घेऊन बाहेर आली. टोपली झेंड्यांनी भरलेली. ती गुडघ्यांवर बसली आणि अंगणाच्या कडेच्या हिरवळीत एकेक झेंडा खोचू लागली.

"लारूआजी," व्हिका म्हणाली, "हे काय चाललंय?"

म्हातारी खोचता खोचताच सांगू लागली. तिचा नातू टॅनर आज मिरवणुकीसाठी शहरात येणार होता. ज्या दिवशी त्याने घरात स्वतःबद्दल सांगितलं, त्या दिवशी तिने त्याला पुन्हा येऊ नकोस म्हटलं होतं, आणि तो आला नव्हता. गेल्या आठवड्यात तिनेच फोन केला. तो एवढंच म्हणाला, त्या रस्त्याने जाईन आजी, मग बघू.

"काय बघणार ते बोलला नाही," लारू म्हणाली. "म्हटलं, लांबून दिसेल असं काहीतरी हवं."

"अहो, मग विकत घ्यायचे ना. इथे लोक जीव मुठीत धरून रस्ता ओलांडतायत."

"दुकानात घेतले असते तर तासाभरात चर्चभर झालं असतं."

"आणि आता अंगणात लावल्यावर होणार नाही?"

"आता होऊ दे. आधी कळलं असतं तर सगळ्याजणी मला समजवायला आल्या असत्या." ती थांबली. "आणि मी ऐकलं असतं गं."

व्हिका चोरीबद्दल बोलायला आली होती, पण टोपलीतले झेंडे घेऊन तीही खाली बसली.

टोपली रिकामी होत आली तेव्हा एक निळी गाडी रस्त्याच्या पलीकडे येऊन उभी राहिली. आतला तरुण अंगणाकडे बघत होता. इंजिन चालू होतं. तो उतरेना आणि जाईनाही.

"तोच आहे," लारू म्हणाली. "घाबरलाय माझं पोर."

ती उठली आणि मातीच्या हातांनी थेट रस्त्यात उतरली. ना डावीकडे पाहिलं ना उजवीकडे. वरच्या बाजूने ट्रक येत होता. व्हिका धावली आणि दोन्ही हात पसरून मधोमध उभी राहिली. ट्रक करकचून थांबला.

चालकाने डोकं बाहेर काढलं. "बाई, ओलांडायची जागा तिकडे आहे ना?"

"आहे," व्हिका म्हणाली. ते पट्टे तिनेच भांडून मारून घेतले होते. "आज इथूनच जाऊ दे त्यांना."

मागे गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. व्हिकाला वळून बघायचं फार मनात होतं, पण समोरून आणखी एक गाडी येत होती.