बर्लिनच्या शेजारी लिंबाजी

बन्सीधर फोटोवाल्यानं साधं विचारलंसुद्धा नव्हतं, हेच तानुबाईला डाचत होतं. मेलेलं लेकरू तिचं, आणि टांगलं यानं! तेही परक्या मुलखातल्या गोऱ्या लोकांच्या रांगेत. चुडाव्याहून सकाळच्या गाडीनं ती परभणीला आली, ती फोटो उतरवूनच जायचं ठरवून. संध्याकाळी जिल्ह्याचे मोठे साहेब येऊन त्याच्या दुकानातल्या फोटोंच्या प्रदर्शनाची फीत कापणार होते.

"का रं, तुझ्या घरचं कुणी मेलं न्हाई का टांगायला?" उंबऱ्यातूनच तिनं तोंड सोडलं.

"मावशी, आधी आत तर या. बघा तर खरं."

दुकानात भिंतभर फोटो होते. मासिकांतून उतरवून मोठे केलेले. बर्लिनच्या भिंतीवर घण घालणारी पोरं. रुमानियात मधोमध भोक पाडलेला झेंडा नाचवणारा गडी. प्राग शहरात किल्ल्या वाजवणाऱ्या बाया. तिकडं वर्षानुवर्षं तोंड उघडायची सोय नव्हती. गेल्या साली लोक रस्त्यावर आले आणि सरकारं कोसळली, असं बन्सीधरनं एकेका फोटोपुढं थांबून सांगितलं.

"अन् ह्यांच्यात माझा लिंबाजी कशाला?"

"तोबी रस्त्यावरच आला हुता की, विद्यापीठाच्या नामांतरासाठी. हे बघा, घोषणा द्यायलाय. अठ्ठ्याहत्तरच्या मोर्चातला हाय, सकाळचा."

त्याच दिवशी दुपारी याच भर बाजारात लिंबाजीला काठ्यांनी मारलं होतं. मारणारे कुणी पाहिले नव्हते. मी तर दुकान लावून दुपारच्या आतच घर गाठलं, असं बन्सीधरही तेव्हा म्हणाला होता. पुढं त्यानंच लिंबाजीचा फोटो तिला आणून दिला. निळा कोट, टाय, मिटलेले ओठ. गेलेल्या माणसाला फोटोत कोट रंगवायची तेव्हा रीतच होती. तानुबाईला लेक साहेबासारखा दिसला. बारा वर्षं ती त्याच फोटोला हार घालत आली.

"तुमच्याकडला फोटो ह्योच, तोंड मीच ब्रशनं मिटवलं हुतं," बन्सीधर म्हणाला. "भ्यालो हुतो. आता जमाना बदललाय. जगाला दिसू द्या की तुमचा वाघ."

तानुबाईचा राग निवळला. लेकाला वाघ म्हणणारं कुणी भेटलं नव्हतं इतक्या वर्षांत. राहू द्यावा फोटो, असं तिच्या मनात आलं. नीट बघावा म्हणून ती जवळ गेली. पदरानं काच पुसली.

बर्लिनची पोरं भिंतीकडं बघत होती. प्रागच्या बाया एकमेकींकडं. फोटो काढणाऱ्याकडं एकाचंही लक्ष नव्हतं. लिंबाजी मात्र सरळ समोर बघत होता. मूठ वळलेली नव्हती. उघडा पंजा पुढं आला होता. सदऱ्याचा खिसा फाटून लोंबत होता. मागं अंधूक माणसं होती, पण झेंडा एकाच्याही हातात नव्हता. आणि फोटोच्या दोन्ही बाजूंना जाड काळे पट्टे.

"हे काळं काय हाय?"

"कडा खराब झाल्यात. जुनी निगेटिव्ह."

तानुबाईनं वळून दाराकडं पाहिलं. दुकान बंद करताना खाचेत सरकवायच्या लाकडी फळ्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. शेवटची फळी लावायची राहिली की जेवढी फट उरते, तेवढाच रस्ता फोटोत होता.

तिनं जाऊन एका फळीवरून हात फिरवला. बन्सीधर फळ्यांकडं बघायचं टाळत होता.

"मावशी, पाणी घ्या," तो म्हणाला. "उतरवू का फोटो?"

"ऱ्हाऊ दे. साहेबाला दाव, समद्या जगाला दाव," तानुबाई म्हणाली. "पर घोषणा म्हनून सांगू नगंस, बन्सीधर. लेकरू तुला म्हनायलं हुतं, फळी काढ. अन् तू फोटो काढलास."