ताईची कटकट

"मला काही झालेलं नाही," असं सुतारानं ताईला दहादा सांगून पाहिलं. पण तिचा स्वतःचा आतड्याचा कॅन्सर उशिरा कळला होता, त्यामुळे "भावंडांनाही धोका असतो, तपासून घे" म्हणत ती हात धुऊन भावाच्या मागे लागली. शेवटी तिची कटकट थांबावी म्हणून तो तपासणीच्या टेबलावर कुशीवर आडवा झाला. दुर्बिणीच्या पडद्यावर आतडं गुलाबी, गुळगुळीत दिसत होतं. "सुटलो," तो मनात म्हणाला. "आता रंग फवारून बघते," डॉक्टरबाई म्हणाल्या. निळा रंग पसरला आणि मघाशी न दिसलेला मसुरीएवढा चपटा उंचवटा उठून दिसला. "पुढे याचाच कॅन्सर झाला असता," म्हणत त्यांनी तो तिथल्या तिथे काढला. बाहेर ताई डोक्याला रुमाल बांधून बसली होती. त्यानं तिचे हात धरले. "तुझ्यामुळे वाचलो, ताई." तिनं डोळे पुसून फोन काढला. "आता धाकट्या भावाचा नंबर," ती म्हणाली.