भिंतीपलीकडचं रान

वणव्याच्या भीतीनं सरकारचा नियम आहे: एप्रिलअखेर घराभोवतीचं पन्नास मीटर रान साफ नसेल, तर दंड होतो. म्हणून पंच्याहत्तरीच्या अदेलिनोनं आणि त्याच्या बायकोनं, एर्मेलिंदानं, तीन आठवडे काटेरी झुडपं आणि निलगिरीच्या फांद्या तोडल्या. घरापेक्षा उंच असे चार ढीग झाले. ते ओढून न्यायला ट्रॅक्टरवाला मे महिन्याशिवाय येईना. शेवटी दोघांनी फांदी फांदी करत सगळं दगडी भिंतीपलीकडे लोटलं. तिकडच्या रानाकडे चाळीस वर्षांत कोणी फिरकलं नव्हतं. मालक ब्राझीलला गेला, असं सगळं गाव धरून चाललं होतं.

"आता त्याची तक्रार करू या," एर्मेलिंदा कंबर धरत म्हणाली. "आपल्या घराला खेटून एवढा पाला! वणवा लागला म्हणजे?"

"अगं, पाला आपलाच आहे."

"जमीन तर त्याची आहे ना?"

तक्रार पोलिसांत गेली. दहा दिवसांनी तरुण सार्जंट नकाशाची गुंडाळी घेऊन दारात उभा राहिला.

"काकू, तुमच्यामुळे जुनी दप्तरं उघडली. मालक सापडला."

"बरं झालं! कुठे असतो मेला?"

सार्जंट अदेलिनोकडे वळला. "काका, ती जमीन तुमच्या आजोबांनी घेतली होती. वाटणी झालीच नाही. वारसांत हयात तुम्ही एकटेच. ढीग तीस तारखेच्या आत उचला."

अदेलिनोनं भिंतीवरून पलीकडच्या ढिगांकडे पाहिलं.

 

मग हळूच म्हणाला, "साहेब, त्याच्याही पलीकडचं रान कोणाचं आहे, तेवढं आधी बघून सांगता का?"