जंगल न पाहिलेला माणूस

“मला एक मूल दे, खाम. लग्न नको.”

नाव नदीच्या मध्यावर होती. खामचा बांबू पाण्यात तसाच राहिला. नावेत तिसरं कोणी नव्हतं; थोआने मुद्दामच भर दुपारची, चिटपाखरू नसलेली वेळ गाठली होती. बोलून तर गेली. नाही म्हणाला तर? गावभर झालं तर?

असं मागणं गावाला नवं नव्हतं. युद्धात जंगलातला फौजेचा रस्ता राखण्यात तरुणपण घालवलेल्या पोरी परतल्या तेव्हा त्यांनी तिशी गाठली होती, आणि त्यांच्या जोडीचे पुरुष मातीत गेले होते. मग कुणी कुणाकडे गुपचूप मूल मागायची. गाव कानाडोळा करायचं. युद्ध संपून आठ वर्षं झाली होती. त्या पोरींतलीच थोआ आता सदतीसची होती.

“माझ्याकडे?” खाम हसला. “अगं, एका डोळ्याचा विधुर मी. सैन्यभरतीला तीनदा गेलो, तीनदा हाकललं. पदकवाले काय कमी आहेत? त्या दिन्हला विचार की!”

“दिन्हची पोरं पाहिलीस?”

खामचं हसू मावळलं. थोरल्याला मान धरता येत नव्हती. धाकटीला हातच नव्हते.

“आमचा तिकडचा ड्रायव्हर लुक, त्याचं बाळ तर बघवलंच नाही कुणाला.” थोआ आता थांबेना. “शत्रूची विमानं रानावर पांढरं धुकं सोडून जायची. चार दिवसांत अख्खं रान उघडंबोडकं. ते विष मुरलंय रे त्यांच्यात. वर्षभर हिंडलेय मी. जो जो तिकडे गेला, त्याच्या पाळण्यात डोकावलेय. तू गेला नाहीस. तुझी तिन्ही पोरं बघ, कशी हुंदडतात! मला धडधाकट मूल हवंय. बाकी काही मागणार नाही, आईशप्पथ.”

ज्या गोष्टीसाठी गावाने जन्मभर टोचून खाल्लं, तिच्यासाठीच कुणीतरी त्याला निवडलं होतं. खामला भरून आलं.

“बरं,” तो म्हणाला. “या कानाचं त्या कानाला कळणार नाही.”

थोआ हसली. कित्येक वर्षांत अशी हसली नव्हती. मुलीचं नावसुद्धा तिने ठरवून ठेवलं होतं.

खामने बांबू रेटला. लाजून लाजून काय बोलावं सुचेना, म्हणून त्याने विचारलं, “तिकडे पाण्याचं काय करायचात गं तुम्ही पोरी?”

“ओढा होता ना! पानं झडली की त्यावर ऊन यायचं, पाणी मस्त कोमट. सगळ्या जणी आत उतरायचो. केसांवर त्या धुक्याची पांढरी भुकटी असायची, एकमेकींना म्हातारी म्हणून चिडवायचो, आणि तेच पाणी ओंजळीने पीत...”

तिचं वाक्य अर्ध्यावर राहिलं. काठ आता पाच हातांवर होता. खामने वळून पाहिलं.

“खाम,” ती म्हणाली, “नाव परत फिरव.”